एक पाकळी कच्च्या टाक्यावर

ओटारा, ऑकलंड
१४ फेब्रुवारी १९८७

ताई,

तू आधी माझं शुद्धलेखन तपासशील आणि मग मजकूर वाचशील, हे ठाऊक आहे. तपासून झालं असेल तर पुढं वाच.

माझ्या तेआरिकीचं लग्न ठरलंय. मुलगी गोरी आहे, लिंडा नाव, बँकेत असते. नाताळच्या आधीच्या शनिवारी करायचं म्हणतायत. लग्नात दोघांना तिवाईवाईच्या चादरीत गुंडाळतील तेव्हा मुलाच्या बाजूनं एकही नसली तर मी तोंड कुठं लपवू? दुकानातली रजई टाकू अंगावर? मला शिवता येत नाही हे तू लहानपणीच साऱ्या ताउतू गावाला सांगून ठेवलंस, तेव्हा ही चादर आता तूच करायची.

नक्षी आईची हवी. अनंताच्या फुलांची. जांभळ्या जमिनीवर पांढरी फुलं. कापड पाठवलंय, सोबत खाऱ्या मांसाचे डबे आहेत. त्यातला एक तुझ्या शिवणगटातल्या अकाइतीला दे, नाहीतर ती तुला सुखानं खाऊ देणार नाही.

घरात पुन्हा गावची एक पोरगी राहायला आलीय. आली की आधी माझ्याकडेच. काम मिळेपर्यंत राहते, मग निघून जाते, आणि जाताना माझी एक उशी घेऊन जाते. इस्पितळाच्या धुलाईघरात हल्ली दमायला होतं. वय म्हणायचं.

तुझी
नूरोआ


ताउतू, आइतुताकी
८ मार्च १९८७

चि. नूरोआस,

शुद्धलेखन तपासलं. त्याबद्दल मौन बाळगते. मजकूर मात्र वाचून घरभर हिंडले. तेआरिकी लग्न करतोय! ज्या मुलानं माझ्या मांडीवर बसून माझ्याच चष्म्याची दांडी खाल्ली तो मुलगा आता बँकेतल्या बाईचा नवरा होणार.

आता पूर्वपक्ष ऐक. आईची ती नक्षी लग्नाची नाही. आईनं ती स्वतःसाठी कापली, स्वतःसाठी शिवली, आणि ती चादर आईबरोबर आपल्या अंगणातल्या मातीत गेली. लग्नाला लाल जास्वंद हवी, पिवळी हवी, बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. जांभळ्यावर पांढरं म्हणजे कार्यात उपास धरल्यासारखं. सगळा शिवणगट हेच म्हणाला. अकाइती तर म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमची बहीण ऑकलंडात राहून रंग विसरली. तिथं म्हणे माणसं करडे कपडे घालून करड्या आभाळाखाली करडं मटण खातात." डबा पोचला होता, तरीही म्हणाली.

उत्तरपक्ष असा, की चादर मागणारी तू आहेस आणि आजवर तू माझ्याकडे काही मागितलेलं नाहीस. मागितलं असतंस तरी मी नाही म्हटलं असतं, हा भाग वेगळा. तेव्हा करते. पण पुन्हा विचार कर. जास्वंदीला अजून वेळ आहे.

आईचा नियम तुझ्या लक्षात असेल. उशाकडच्या कोपऱ्यातली एक पाकळी मी कच्च्या टाक्यावर सोडणार. ती जिची चादर तिनं पक्की करायची. त्याशिवाय चादर तिची होत नाही, शिवणारीचीच राहते. लिंडाबाईंना सुई धरता येते का? येत नसेल तर आतापासून सराव करायला सांग. वाकडा टाका मी उसवते, हे तिला कुणीतरी आधीच सांगितलेलं बरं.

तुझ्या धर्मशाळेला माझा नमस्कार.

ताई


ओटारा
२९ मार्च

ताई,

जास्वंद नको. आईचीच नक्षी हवी. मी पुन्हा विचार केला आणि पुन्हा तेच ठरलं.

आणि एक, लग्न अलीकडे ओढलंय. नाताळ नाही, ऑगस्टात. तेवढ्यात हातानं होत नसेल तर मशीनवर मार. कोण बघायला बसलंय? पाकळीचं काय करायचं ते मी बघेन.

हात दुखतोय म्हणून आज थोडंच लिहिते.

नूरोआ


ताउतू
२० एप्रिल

चि. नूरोआस,

मशीनवर? हे वाक्य मी गटात वाचून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर दोघीतिघी घरी निघून गेल्या असत्या आणि अकाइती तुझ्या नावानं प्रार्थनेला बसली असती. मशीनवरची चादर टेबलावर टाकतात, पाहुण्यांच्या दिवाणावर टाकतात. माणसाच्या अंगावर घालायची ती हातानं शिवतात. आईच्या वेळी लुसियाबाई म्हणाली होती, की मातीतच जायची आहे, मशीनवर मारा, कोणाला दिसणार? तेव्हा तुझी ताई तिला काय बोलली ते तू ऐकलं नाहीस, तू तिकडे होतीस. लुसियाबाई अजून मला चर्चमध्ये वाट देत नाही.

आता ऑगस्टाविषयी. मी वर्गात मुलांना अनुमान शिकवते. डोंगरावर धूर दिसतो म्हणजे तिथं विस्तव आहे. लग्न डिसेंबरातून ऑगस्टात येतं. वरमाय हातघाईवर आलेली आहे आणि कारण सांगत नाही. पत्रं आखूड होत चाललीत. धूर मला स्पष्ट दिसतो आहे, नूरोआ. लिंडाबाईंच्या पोटी विस्तव आहे. मला सांगायला लाजतेस काय? मी आयुष्यभर अविवाहित राहिले, आंधळी राहिले नाही.

परवा नक्षी कापली. कापड दुमडलं, पुन्हा दुमडलं, पुन्हा तिरकं दुमडलं. सगळ्याजणी श्वास धरून भोवती बसल्या. कात्री एकदा चुकली की ती चूक आठही घड्यांत उमटते. आईचा नमुना समोर नव्हता, तो अंगणात तिच्या अंगावर आहे. डोळे मिटले आणि तिचा हात आठवून कापत गेले. नक्षी उलगडली. मग अकाइती म्हणाली, "म्हातारी येऊन बसली जणू." आणि नाक पुसून लगेच म्हणाली, "पण लग्नाला नाहीच शोभत."

उरलेल्या पांढऱ्या कापडाचा एक लहानसा अभ्रा केला आहे, वीतभर उशीचा. त्यावर एकच फूल. कोणाच्या डोक्याखाली घालायचा ते तुला कळलं असेलच.

काळजी घे. दोघींचीही.

ताई


ओटारा
११ मे

ताई,

तुझ्यापासून काही लपत नाही. हो, तसंच आहे. कुणाला सांगू नकोस. मुलगी झाली तर आईचं नाव ठेवणार आहेत.

अभ्रा पाठव. फूल कुठल्या बाजूला आहे? उजवीकडे असेल तर गालाला लागणार नाही.

सहज विचारते. गावात अजून तशीच पद्धत आहे का? माणूस गेलं की ज्यानं त्यानं आपापली तिवाईवाई आणून पेटीवर घालायची? इथल्या लोकांनी इथं केलेलं मी पाहिलंय, पण इथं सगळंच थोडं थोडं असतं. म्हणजे ज्यानं आयुष्यात कुणाला एकही शिवून दिली नाही, त्याच्यावर कोण घालतं? की तसंच नेतात?

इकडे थंडी सुरू झाली. पोरगी कामावर लागली, गेली. या वेळी उशी ठेवून गेली.

नूरोआ


ताउतू
२ जून

चि. नूरोआस,

वरमायेनं मयताच्या चौकशा कराव्यात ही ऑकलंडची नवी रीत दिसते. सांगते.

पद्धत तशीच आहे. देणाऱ्यावर पडतात, न देणाऱ्यावर पडत नाहीत, आणि गाव काही विसरत नाही. गेल्या वर्षी वाका काका गेले. आठवतात ना? प्रत्येक मेजवानीला पहिले, आणि निघताना केळीच्या पानात बांधून नेणारे. बायको कधी शिवायला बसली नाही, लेकींनी सुई पाहिली नाही. पेटी निघाली तेव्हा तिच्यावर एक टेबलक्लॉथ होता, प्लॅस्टिकचा, द्राक्षांच्या चित्रांचा. पास्तर प्रार्थना म्हणत होते आणि अकाइती माझ्या कानात, "बरंच झालं. वर गेल्यावरही जेवायलाच बसतील." मी गाण्याच्या वहीत तोंड खुपसलं. इतकी वर्षं मुलांना गांभीर्य शिकवलं, ते सगळं त्या द्राक्षांत बुडालं.

असो. चादर झाली. उशाकडची पाकळी तेवढी कच्च्या टाक्यावर आहे. सगळ्याजणींनी हात लावला, मी निम्म्या टाक्यांना उसवण्याचा मान दिला, दोघी रुसल्या, एक परत आली. अकाइतीची थोरली लेक मुलाच्या पहिल्या केशकर्तनाच्या समारंभाला ऑकलंडहून पुढच्या आठवड्यात येते आहे. जाताना तिच्याच हाती चादर आणि अभ्रा देते. फूल डावीकडे आहे, पण उशी उलटी करता येते.

ताई


ताउतू
२३ जून

नूरोआ,

तुझं उत्तर आलं नाही. आता ते का आलं नाही हे मला कळलं आहे.

केशकर्तन झालं. पोराला चादरींनी मढवलेल्या खुर्चीवर बसवलं, बटा कापल्या, पोरगं मोठ्यानं रडलं. पंगतीत मी अकाइतीच्या लेकीला म्हटलं, "चादर बांधून ठेवली आहे, सांभाळून ने, लग्नाची आहे." ती म्हणाली, "कोणाच्या?" मी म्हटलं, "तेआरिकीच्या." तिनं ताट खाली ठेवलं. ती तिच्या आईचीच मुलगी, तोंडात तीळ भिजत नाही. पण या एका गोष्टीचं तिनं तुला वचन दिलं होतं आणि आल्यापासून पाळलं होतं. माझ्यासमोर मात्र तिला ते पाळता आलं नाही.

लिंडाबाई नाहीत. कधी नव्हत्या. तू धुलाईघरात दमत नाहीस, तू त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर खाटेवर पडून असतेस. रोग पोटात आहे आणि डॉक्टरांनी कापून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं.

धूर मला दिसला होता. विस्तव मी भलत्याच डोंगरावर शोधला. शिकवणाऱ्यानं इतकं चुकावं याला माझ्या विषयात नाव आहे, ते इथं लिहीत नाही.

वाका काकांचं जे लिहिलं ते तू खाटेवर पडून वाचलंस. त्याबद्दल मला काहीही लिहिता येत नाही.

आता ऐक. चादर मी पाठवणार नाही. अकाइतीच्या लेकीला रिकाम्या हातानं परत धाडते आहे. आईला नेली तेव्हा तू आली नाहीस, विमान मिळालं नाही म्हणालीस. मी तुला काही बोलले नाही. आता बोलते. तुला ही चादर हवी असेल तर ती इथं आईच्या कपड्यांच्या पेटीत आहे, आणि पाकळी कच्च्या टाक्यावर आहे. जिची आहे तिनं यावं.

तुझी
ताई


ओटारा
७ जुलै

मावशी,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. आईनं सांगितलं म्हणून नाही, मीच लिहितोय.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. आधी ती चिडली. मग हसली, हसताना टाके दुखले म्हणून रडली. म्हणाली, "बघ, खाटेवर पडलेल्या बाईलाही शिक्षा करते." मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून होती.

संध्याकाळी तिनं मला सांगितलं की तिनं खोटं का लिहिलं. ती म्हणाली, मी एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं. कुणाच्या लग्नाला काही शिवून दिलं नाही, कुणाच्या मुलाला नाही, कुणाच्या मयताला नाही. साधा उशीचा अभ्रासुद्धा नाही. गावी जाऊन मेले तर पेटी उघडी नेतील आणि ताईला, तेपाएरूला, सगळ्यांसमोर मान खाली घालायला लागेल. त्यापेक्षा इथंच बरं. एक चादर असली की झालं, इथं कोण मोजतंय. पण ती स्वतःसाठी कशी मागू? म्हणून तिनं मला नवरदेव केलं.

डॉक्टर म्हणतात विमान नको. इथं राहिली तर नाताळपर्यंत काढेल कदाचित. प्रवासात काहीही होईल. मावशी, चादर पाठवून दे. ती रोज विचारते, पार्सल आलं का. तुला माझी शपथ.

तेआरिकी


ताउतू
१४ जुलै

चि. तेआरिकीस,

शपथ पोचली. चादर पाठवत नाही.

डॉक्टर शिकलेले आहेत, ते म्हणतात ते खरं असेल. मी फक्त हट्टी आहे. तुझ्या आईला हे वाचून दाखव. आईच्या शेजारची जागा मी साफ करून घेतली. अनंताचं झाड मुळासकट बाजूला सरकवलं, ते जगलं आहे. मान खाली घालायची वेळ आली तर मी घालीन. मान माझी आहे, तिनं तिची काळजी करू नये.

रविवारी इथं विमान उतरत नाही. बाकी कुठल्याही दिवशी मी धावपट्टीवर असेन.

मावशी


ऑकलंड
२२ जुलै

ताई,

शनिवारी येतेय. तेआरिकी घेऊन येतोय. त्याला आठच दिवसांची सुट्टी आहे.

मी फार वाळलेय. बघून तोंड पाडू नकोस.

उसवायची सुई लपवून ठेव.

नूरो


ताउतू
२ सप्टेंबर १९८७

चि. तेआरिकीस,

तुझी तार आली. तू पोचू शकला नाहीस याबद्दल तुला कुणीही दोष देत नाही. शुक्रवारी दुपारी ती गेली. रविवारी आम्ही कुणाला पुरत नाही आणि इथल्या हवेत सोमवारपर्यंत थांबता येत नाही, तेव्हा शनिवारीच करावं लागलं. तू ज्या सकाळी मोठ्या बेटावर, रारोटोंगाच्या धावपट्टीवर जागा मागत उभा होतास, त्या सकाळी इथं गाणी चालू होती. आता सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे तू इथं होतास असं होईल.

तू गेल्यानंतर ती पडवीतच निजायची. खाट अशी ठेवली होती की आईची जागा दिसावी. चादर मी पहिल्याच दिवशी तिच्या पायांवर घातली होती, ते तू पाहिलंसच. ती फुलं बोटानं चाचपायची आणि म्हणायची, "ताई, यातले टाके कुठले तुझे?" मी म्हणायचे, "न दिसणारे." ती म्हणायची, "म्हणजे सगळ्या गावाला दिसले असतील." अंगात शक्ती नव्हती, जिभेला काही कमी नव्हतं.

पाकळी ती पुढं ढकलत होती. मी सुईत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायचे, ती म्हणायची उद्या. मला कळत होतं. पाकळी पक्की झाली की चादर तिची होणार होती. एका मंगळवारी म्हणाली, "आण." मी धरायला गेले तर हात झटकला. "लहानपणी असंच करायचीस. मी दोन टाके घातले की तू चार उसवायचीस. बस तिकडे." मी तिकडे बसले. सबंध सकाळ गेली. एवढीशी पाकळी, आणि तिचे टाके म्हणजे खेकडा वाळूवरून चालत गेल्यासारखे. कड दुमडलेली कुठं आत गेली, कुठं बाहेर आली. झाल्यावर मला म्हणाली, "तपासा, मास्तरीणबाई." मी चष्मा लावला, काढला. म्हटलं, "उत्तम." ती हसून म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललीस तेही तुला जमलं नाही. मला बघ किती जमलं होतं." त्यानंतर तिनं कशालाच हात लावला नाही.

आता शनिवारचं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तू मला पत्रात जे लिहिलंस ते माझ्या तोंडून कुणाला कळलं नव्हतं. पेटीवर काय येणार याचा हिशेब मी मनाशी केला होता. माझ्या दोन, मावसबहिणीची एक. मान खाली घालायचीही तयारी करून ठेवली होती. सकाळी दार उघडलं तर पायरीवर अकाइती, कुशीत तिची ती मोठी तिवाईवाई. तीच, जिला ती आम्हाला हात लावू देत नाही, लहान लहान चौकटींची, जिच्यापायी तिची नजर अधू झाली. मी म्हटलं, "अकाइती, ही तू स्वतःसाठी केलीस." ती म्हणाली, "माझी थोरली पहिल्यांदा ऑकलंडला गेली तेव्हा कुणाच्या घरी निजली?" आणि तीच पुढं म्हणाली, "थंडीत? दोन हिवाळे? माझी पोरगी सांगते, बाई स्वतः जमिनीवर निजायची आणि हिला खाट द्यायची. आणि वर म्हणे हिनं कुणाला काही दिलं नाही. कोण म्हणतं? वाट द्या, सरका."

तिच्या मागे लुसियाबाई होती. मला वाट न देणारी. तिची नात तुमच्याकडे राहिली होती म्हणे. मग त्या टोकाच्या घरच्या दोघी. मग आमुरी गावाहून एक बाई आली, तिला मी ओळखतही नव्हते. नूरोआनं ज्या ज्या पोरीला पहिल्या दिवसांत छप्पर दिलं होतं, तिची तिची आई, तिची आजी. आल्या, घडी उलगडली, घातली, बाजूला झाल्या. पडवी अपुरी पडली. पेटी दिसेनाशी झाली. त्यातल्या एका म्हातारीनं उशीही आणली होती. म्हणाली, आमच्या पोरीनं तिची नेली होती.

आईची नक्षी मी आत, तिच्या अंगाभोवती गुंडाळली. पाकळी उशाकडे, उजव्या बाजूला, गालापासून दूर, जशी तिला हवी होती. अकाइतीची नजर अधू असली तरी बोटं शाबूत आहेत. तिनं कड चाचपली आणि कुजबुजली, "मास्तरीणबाई, ही पाकळी वाकडी शिवली आहे कुणीतरी. अजून वेळ आहे, उसवून देऊ?"

मी म्हटलं, "हात लावलास तर बोटं मोडीन."

मग तिला कळलं. "बरं," म्हणाली, आणि माझा हात धरून तिथंच उभी राहिली. तसा तो तिनं आयुष्यात कधी धरला नव्हता, आणि पुन्हा धरेल असं वाटत नाही.

सगळ्या चादरी खाली मावल्या नाहीत. पुरुष खणत राहिले, रुंद करत राहिले, अनंताच्या मुळांपर्यंत गेले. तरी काही बाहेर राहिल्या, त्या ज्यांच्या त्यांनी परत नेल्या नाहीत. त्या माझ्याकडे आहेत. त्यांचं काय करायचं ते ठरवायला मला वेळ लागेल.

एक गोष्ट राहते, ती तुलाच लिहिता येईल. डॉक्टर म्हणाले होते नाताळ. ती ऑगस्टातच गेली. ऑगस्ट, तिनं लग्नासाठी नेमलेला महिना. मी चादर पाठवली असती तर ती तिथं राहिली असती, तू रोज तिच्याजवळ बसला असतास, आणि तिला आणखी चार महिने मिळाले असते. आपल्या पेटीवर काय येणार, या धाकात ती ते जगली असती. असं मी म्हणते. हे प्रमाण आहे की सबब, ते मला ठरवता येत नाही. इतरांच्या अनुमानांत दोष काढायला मी फार लवकर शिकले. यातला शोधायला मात्र धीर होत नाही. तू मला दोष द्यायचा ठरवलास तर पत्रानं दे. बोलून दिलास तर मी वाद घालीन.

तिची बॅग तू इथंच ठेवून गेलास. त्यात कपड्यांखाली तो वीतभर अभ्रा सापडला. अकाइतीच्या लेकीनं तो माझ्या नकळत नेऊन दिला होता, चादर मिळाली नाही तर निदान एवढं तरी, म्हणून. धुतलेला होता, घडी घातलेली होती. कुणाच्या डोक्याखाली गेलेला नाही. मी तो आईच्या कपड्यांच्या पेटीत, चादरीची जागा रिकामी झाली आहे तिथं, ठेवला आहे.

बँकेतली असो वा नसो, तुला कुणी भेटली तर कळव. मूल झालं तर कळव. अभ्रा इथंच आहे, फूल डावीकडे आहे.

घाई नाही. या वेळी खरंच काही घाई नाही.

मावशी